उंब्रजच्या आधी काशीळ

कंपवातासाठी माझ्या मेंदूत दोन तारा बसवल्याला येत्या डिसेंबरात तीन वर्षं होतील. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या हाताकडे बघतो. हात थरथरत नाही हे पाहून त्याला बरं वाटतं. "चांगलं झालं की हो ऑपरेशन!" म्हणतो. खरंच चांगलं झालं. पण त्यानंतर माझ्या बोलण्यात आणि विचारांत जो फरक पडला, त्याबद्दल कुणी विचारत नाही. ऑपरेशनच्या आधी आम्हालाही त्याबद्दल समोर बसवून, वेळ देऊन सांगणारी एकच व्यक्ती भेटली. ती भेटली नसती तर घरच्यांनी मला विसरभोळ्या म्हाताऱ्यांत जमा केलं असतं आणि मीही ते मुकाट मान्य केलं असतं. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, तरी एवढं लिहायला सतरा दिवस लागले.

मी एसटीत होतो. सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक. स्टँडवर सगळे 'कंट्रोलर'च म्हणतात. गाड्यांच्या नोंदी, चालक-वाहकांच्या सह्या, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची ते बघणं आणि माईकवरून पुकारा. मेढा-केळघरवरून महाबळेश्वर, कोरेगाव-पुसेगाव-दहिवडी मार्गे पंढरपूर, उंब्रजवरून कराड. वारीच्या दिवसांत जादा गाड्या सुटायच्या तेव्हा हातात कागद न घेता मी सगळे थांबे पुकारायचो. नवीन वाहक ड्युटीवर आला की खिडकीशी येऊन विचारायचा, "साहेब, काशीळ आधी की उंब्रज?" मी मान वर न करता सांगायचो, उंब्रजच्या आधी काशीळ.

2011 साली माझं अक्षर बारीक व्हायला लागलं. नोंदवहीत ओळ सुरू करताना बरं असायचं, ओळीच्या शेवटाला मुंगीएवढं. वरिष्ठांनी दोनदा हटकलं. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी एकमेकांवर फिरायला लागली. 2012 मध्ये निदान झालं, पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो. माझं वय तेव्हा पन्नास. हालचाल सुरळीत ठेवणारं डोपामिन मेंदूत तयार करणाऱ्या पेशी हळूहळू संपत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच गेलेल्या असतात, असं डॉक्टरांनी समजावलं. सिंडोपा ही लेव्होडोपाची गोळी सुरू झाली आणि पुढची पाच-सहा वर्षं नोकरी नीट झाली. मध्ये एका ओळखीच्या माणसाने खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं, तेही मी काही महिने घेतलं. त्या बियांतही लेव्होडोपाच असतं, म्हणजे मी नकळत दुहेरी डोस घेत होतो, हे फार उशिरा कळलं. कुणी घेत असाल तर निदान डॉक्टरांच्या कानावर घाला.

2018 नंतर गोळीचा असर अडीच तासांवर आला. पार्किन्सन्सच्या घरांत 'ऑन' आणि 'ऑफ' हे शब्द लहान मुलांनाही कळतात. गोळी चालू आहे तोवर ऑन, उतरली की ऑफ. ऑफमध्ये दाराच्या उंबऱ्यात पाय चिकटून बसायचे. ऑनमध्ये उलटंच, मान आणि खांदे आपोआप वळवळायचे. 2020 मध्ये निवृत्त झालो. रात्री कूस बदलायला बायकोला उठवावं लागायचं, एका रात्रीत चार-चार वेळा. ती एकदाही वैतागली नाही, पण तिचे डोळे खोल गेले होते.

तेव्हा न्यूरॉलॉजिस्टनी डीबीएसचं नाव काढलं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत खोलवर तार ठेवायची, छातीत कातडीखाली बॅटरी बसवायची आणि चोवीस तास विजेचे बारीक ठोके द्यायचे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबिद या सर्जननी 1987 च्या सुमारास कंप थांबवण्यासाठी ही पद्धत सुरू केली, आणि 1993 पासून त्यांच्याच गटाने पार्किन्सन्ससाठी सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या छोट्याशा केंद्रात तार ठेवायला सुरुवात केली. म्हणजे काही कालचा प्रयोग नव्हे, हे ऐकून धीर आला.

पहिल्या ज्या मोठ्या रुग्णालयात चौकशीला गेलो, तिथे माहिती देणाऱ्या मुलीला माझ्या मुलाने विचारलं, "बाबांच्या बुद्धीवर काही परिणाम?" ती हसून म्हणाली, "काहीच नाही हो, फक्त कंप जातो. काका परत तरुण होतील." पुढचं वाक्य पॅकेजचं होतं. आम्ही बाहेर आलो. मुलगा म्हणाला, मेंदूत दोन भोकं पाडायची आणि काहीच परिणाम नाही, हे मला पटत नाही. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या ठिकाणी, पुण्यातच, आधी मला पारखून घेतलं. रात्रीपासून गोळी बंद. सकाळी लाकडासारखा ताठलेल्या अवस्थेत चालवलं, बोटं आपटायला लावली, सगळ्याचं चित्रीकरण केलं आणि गुण दिले, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. मग गोळी देऊन तासाभराने पुन्हा तेच. बावन्नचे एकवीस झाले. गोळीने एवढा फरक पडतो म्हणजे डीबीएसचाही उपयोग होईल, असा त्यांचा हिशोब. दुसरी अट, स्मृतिभ्रंश नको. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे पाठवलं. तिथे तीन तास गेले, आणि या सगळ्या प्रवासात तेच तीन तास मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात.

ठिपके जोडा, आकडे उलटे म्हणा, 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापलाय त्याचा रंग सांगा, पंधरा शब्द ऐका आणि अर्ध्या तासाने परत सांगा. मग मॅडमनी घड्याळ हातात घेतलं. "काका, एक मिनिट. 'प'पासून सुरू होणारे जेवढे शब्द आठवतील तेवढे सांगा. फक्त माणसांची आणि गावांची नावं नकोत."

गावांची नावं नकोत म्हटल्यावर माझा अर्धा साठा बाहेरच राहिला. तरी सांगितले. पाणी, पाट, पाटी, पान, पंखा, पोळी, परात, पिशवी, पाऊस, पूल, पेन, पोतं. बारा. प्राण्यांची नावं सतरा आली. मॅडमनी आकडे कागदावर मांडले, पेन खाली ठेवलं आणि मला व बायकोला म्हणाल्या, "आता मी जे सांगते ते नीट ऐका. ऑपरेशननंतर हा आकडा कमी होण्याची शक्यता बरीच आहे."

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. सबथॅलॅमिक न्यूक्लियस जेमतेम बदामाएवढा, खरं तर त्याहून लहान. एवढ्याशा जागेत तीन शेजारी राहतात. एक भाग हालचालीचा, एक विचार जुळवण्याचा, एक भावनांचा. तार हालचालीच्या भागात ठेवायची असते, पण विजेला कुंपण घालता येत नाही, थोडी शेजारी झिरपते. शिवाय तार तिथवर पोचते ती कपाळामागच्या भागातून वाट काढत. त्या वाटेवरच्या धाग्यांना धक्का लागतोच. बहुतेकांची स्मरणशक्ती, ओळख, समज शाबूत राहते. पण मनातला शब्द झटकन हाताशी येणं, एका प्रकारच्या शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारणं, हे मंदावतं. जगभरातल्या अभ्यासांत सगळ्यांत जास्त वेळा आढळलेला परिणाम हाच, असं त्या म्हणाल्या. वय जास्त असेल किंवा आधीच परीक्षेत गुण कमी असतील तर धोका अधिक. ग्लोबस पॅलिडस नावाच्या दुसऱ्या केंद्रातही तार ठेवता येते, तिथे विचारांवर ताण थोडा कमी पडतो असं काही डॉक्टर मानतात, पण गोळ्या फारशा कमी करता येत नाहीत. माझं अंग गोळ्यांमुळेच वळवळत होतं, म्हणून सर्जन पहिल्याच जागेच्या बाजूने होते.

बायकोने विचारलं, "म्हणजे हे बोलायचे थांबतील?"

"थांबणार नाहीत. अडतील. आणि अडले की तुम्हाला वाटेल यांना आठवत नाही. तसं नसेल. हा आजचा कागद जपून ठेवा."

त्या रात्री मुलाच्या घरी जेवणं झाल्यावर आम्ही चौघं बोलत बसलो. सूनबाईंनी सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला काय हवंय?" मला कूस हवी होती. स्वतःच्या हाताने भाकरी मोडायची होती. शर्टाची बटणं लावायची होती. शब्द थोडे कमी झाले तर चालतील, असं मी म्हणालो. ते किती कमी होतील आणि कुठे टोचतील याची कल्पना मात्र मला तेव्हा नव्हती. सगळा मिळून खर्च अकरा लाखांच्या पुढे गेला. निवृत्तीचे पैसे आणि मुलाचं कर्ज.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून गोळी बंद. पहाटे डोकं पूर्ण भादरलं. मग लोखंडी चौकट डोक्याला चार स्क्रूंनी आवळली. भुलीची इंजेक्शनं देतात, ती जळजळतात, नंतर नुसता दाब जाणवतो. चौकटीसकट स्कॅन काढला. त्यावर संगणकावर वाट आखली. कवटीला भोक पाडताना दुखत नाही, पण तो आवाज हाडातून दातांपर्यंत येतो. मी विठ्ठलाचं नाव घेत पडून होतो. हे सगळं जागेपणी, कारण त्यांना माझा हात आणि माझं बोलणं बघत बघत जागा ठरवायची होती.

मग खोलीत एक आवाज लावला. बारीक तारेच्या टोकाला मेंदूतल्या पेशींची जी वीज लागते ती स्पीकरवर ऐकवतात. माईक चालू केला की पुकाऱ्याच्या आधी जी खरखर येते, अगदी तशी. तार मिलिमीटर मिलिमीटर पुढे जात होती. मध्ये शांत, तुरळक कडकड, आणि एका ठिकाणी ती खरखर एकदम दाट झाली, पत्र्यावर पाऊस लागल्यासारखी. "पोचलो," सर्जन म्हणाले. तिथे वीज देऊन पाहिली आणि माझी उजवी मूठ, जी दहा वर्षं आवळलेली होती, ती सुटली. मला रडू आलं. चौकटीमुळे पुसताही येईना. एका सिस्टरनी डोळे टिपले.

वीज वाढवली तेव्हा ओठाचा कोपरा ओढला गेला आणि जीभ जड झाली. "काका, काहीतरी बोला, मोठं वाक्य." मी म्हणालो, "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज मार्गे कराडला जाईल, प्रवाशांनी रांगेत चढावं." जीभ 'अतीत'पाशी अडखळली. त्यांनी वीज कमी केली, पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी वाक्य साफ आलं आणि तीच जागा पक्की झाली. दुपारी पूर्ण भूल देऊन गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवली.

पुढचे दोन दिवस मला धड आठवत नाहीत. बायको सांगते, मी खाटेवर उठून बसत होतो आणि "पंढरपूरची गाडी अजून लागली नाही, लोक खोळंबलेत" म्हणत सलाईन काढू पाहत होतो. भिंतीपाशी प्रवासी उभे दिसत होते. तिने मॅडमना फोन केला. असा गोंधळ काहींना होतो, सूज उतरली की ओसरतो, दिवस-रात्र कळेल असं घड्याळ समोर ठेवा, घरचं माणूस जवळ ठेवा, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "जेवलीस का?" तेव्हा ती निर्धास्त झाली. गंमत म्हणजे मशीन अजून सुरूही झालेलं नव्हतं आणि हात शांत होता. नुसती तार आत गेल्यानेच काही दिवस तसं होतं म्हणे. ते ऐकताना मला मॅडमचं वाक्य आठवलं. तारेच्या नुसत्या जाण्याने हात सुधारतो, तर तिच्या जाण्याने शब्दही अडणारच.

तीन आठवड्यांनी मशीन सुरू केलं. सेकंदाला 130 ठोके, एकेक ठोका 60 मायक्रोसेकंदांचा. माझ्या प्रत्येक तारेवर चार संपर्कबिंदू आहेत, त्यांतला कुठला वापरायचा हे एकेक करून तपासतात. अडीच तास लागले. घरी आलो. त्या रात्री मी स्वतः कुशीवर वळलो. बायको जागीच होती. काही बोलली नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून झोपली.

पहिले दोन महिने सगळं घर हाताच्या कौतुकात होतं. चहाचा कप मी भरलेला उचलत होतो. सिंडोपा निम्म्यावर आली. शब्दांचं पहिल्यांदा कळलं ते किराणा दुकानात. मला जिरे हवे होते. जिरे डोळ्यांपुढे होते, वास नाकात होता, फोडणीत टाकतो तेही माहीत, आणि शब्द येईना. दुकानदार म्हणाला, "मोहरी? ओवा?" त्याने दुसरी नावं घेतली की मला आणखी अडकायला व्हायचं. शेवटी मी बोटाने डबा दाखवला. घरी येईपर्यंत वाटेत शब्द आला, चांगला तीन वेळा आला.

मग असं रोज व्हायला लागलं. चारचौघांत तर जास्तच. निवृत्त मंडळींचा आमचा स्टँडजवळच्या हॉटेलातला कट्टा आहे. एक विषय रंगला की मी मनात वाक्य जुळवायचो, तोवर गप्पा पुढे गेलेल्या. आवाजही खाली गेला होता. कुणी मधेच माझं वाक्य पुरं करायचा, बहुतेक वेळा चुकीचं, आणि मी मान हलवून मोकळा व्हायचो. हळूहळू मी कट्ट्यावर जाणंच सोडलं. सकाळी उठून खुर्चीत बसलो की बसलोच. वाईट वाटत होतं असंही नाही, काही वाटतच नव्हतं. नात पुण्याहून आली तरी उठून दारात गेलो नाही. त्या गोष्टीची आठवण आजही मला लागते. मुलगा बायकोला हळूच म्हणाला, "आई, बाबांचं डोकं गेलं का गं?" मी ऐकलं.

आणि एक प्रकार उलट्या बाजूचा झाला. मी शर्ट घ्यायलाही आठ दिवस लावणारा माणूस. लांबचा एक नातेवाईक पतसंस्थेच्या तीन लाखांच्या कर्जाला जामीन मागायला आला, आणि मी चहा येईपर्यंत सही करून मोकळा झालो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो कागद घडी घालत होता. बोलायला शब्द सापडत नव्हते आणि निर्णय मात्र असा धाडकन. आम्हाला काही उमगेना. कर्ज मंजूर व्हायचं होतं म्हणून मुलाने जाऊन सही मागे घेतली, पण नात्यात कडवटपणा आला तो आलाच.

बायको शाळेच्या एका वहीत सगळं लिहीत होती. तारीख, वेळ, कुठला शब्द अडला, किती वेळाने आला, दिवसभर मी आपणहून किती वेळा बोललो. ती वही आणि मॅडमचा जुना कागद घेऊन आम्ही सहा महिन्यांनी गेलो. पुन्हा घड्याळ, पुन्हा 'प'. पाणी, पान, पाटी, पोळी... मग मोठी पोकळी... पंखा, पाऊस. सहा. प्राणी अकरा. पण पंधरा शब्दांची यादी आधीइतकीच आठवली. तारीख, वार, ठिकाण, हिशोब, सगळं बरोबर. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून मुलाला बोलावलं. "हे बघा. हा स्मृतिभ्रंश असता तर ही यादी पडली असती. ती उभी आहे. शब्द आत आहेत, ते शोधून काढण्याचा वेग कमी झालाय." मग मशीन बंद करून, अर्धा तास थांबून, त्यांनी दुसरं अक्षर घेतलं. हात थरथरायला लागला, शब्द मात्र सातच. म्हणजे हे काही निव्वळ विजेचं नव्हतं, वाटेवरच्या धक्क्याचाही भाग होता. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. खाली गाडीपाशी आल्यावर त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "बाबा, चुकलो मी." त्या एका वाक्यासाठी पहिला कागद जपून ठेवल्याचं सार्थक झालं.

सहीचं ऐकल्यावर न्यूरॉलॉजिस्ट गंभीर झाले. हे केंद्र मेंदूतल्या ब्रेकसारखं काम करतं, अवघड निवड आली की 'जरा थांब' म्हणतं. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं की मशीन चालू असताना असे रुग्ण अवघड निवडीपाशी रेंगाळायच्या ऐवजी उलट घाई करतात. मग त्यांनी विजेचा संपर्कबिंदू एक पायरी वर घेतला, जोर 3.1 मिलिअँपवरून 2.6 वर आणला. खुर्चीला खिळण्याचं कारण त्यांच्या मते गोळी फार झपाट्याने कमी केली हे असावं, म्हणून सिंडोपा थोडी वाढवली. महिन्याभरात मी पुन्हा दारात जाऊन उभा राहू लागलो. त्याची किंमत अशी की संध्याकाळी पाय थोडे जड होतात. ती मी आनंदाने देतो. सहीच्या बाबतीत घरात नियम केला, कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही नाही, एक रात्र मध्ये गेली पाहिजे.

बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे तीन महिने गेलो. श्वास, मोठा आवाज, जोरात वाचन. त्यांनी घरच्यांना शिकवलं, ते जास्त उपयोगी पडलं. माझं वाक्य पुरं करायचं नाही. मनात दहा अंक मोजायचे. तरी नाही आलं तर पूर्ण शब्द न सांगता पहिलं अक्षर द्यायचं. "जि..." म्हटलं की जिरे येतात. कट्ट्यावरच्या दोघांना मी हे लिहून दाखवलं. तेव्हापासून ते थांबतात, आणि मी पुन्हा जातो.

ज्यांच्या घरी हे ऑपरेशन ठरतंय त्यांनी मला फोन केला की मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. आधीची ती तीन तासांची परीक्षा करून घ्या आणि कागद हातात मागा. घरात जे माणूस रुग्णाजवळ जास्त वेळ असतं, त्याला त्या खोलीत बसवा. अंगात उदासी आधीपासून असेल तर ती लपवू नका, कारण ऑपरेशननंतर ती कधी कधी फार खोल जाते आणि डॉक्टरांना आधी माहीत असणं गरजेचं असतं. मी पुन्हा ऑपरेशन करून घेतलं असतं का? हो. भाकरी मी माझ्या हाताने मोडतो, बायको रात्रभर झोपते.

वर्षाने 'प'चे आठ झाले, यंदाही आठच. मॅडमना मी विचारलं, मला थांब्यांची नावं अजून सलग येतात, मग सुटे शब्द का येत नाहीत? त्या म्हणाल्या, म्हणून दाखवा. मी पंढरपूरची गाडी सोडली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, पिलीव, पंढरपूर, एका दमात. त्यांनी ते समासात लिहून घेतलं. ओळीने पाठ असलेलं वेगळ्या वाटेने येतं, शोधावं लागत नाही, एकाचा हात धरून दुसरं येतं, असं त्यांनी सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. दुपारी नाव-गाव-फळ-फूल खेळायला बसलो. पूर्वी मी तिला मुद्दाम जिंकू द्यायचो. तिने चिठ्ठी काढली, 'उ' आला. नाव लिहिलं, उमा. फळाच्या घरात काही सुचेना, फुलाचंही रिकामं. गावापाशी पेन टेकवून बसलो. आयुष्यभर पुकारलेलं गाव आहे हे कळत होतं आणि हाती लागत नव्हतं. तिने 'उरुळी' लिहून कागद पालथा ठेवला होता. तिला घरचा नियम माहीत आहे, ती बोटांवर मोजायला लागली.

मी डोळे मिटले आणि फलाट चारवरून गाडी सोडली. शेंद्रे. बोरगाव. नागठाणे. अतीत. काशीळ.

"आठ," नात म्हणाली.

मी उंब्रज लिहिलं. अक्षर चांगलं मोठं आलं होतं.